रक्तवाहिन्यांचे विकार आणि हातातला फोन

पायाला रक्त कमी पडू लागले की पहिली तक्रार पोटरी करते. रोज बाजारापर्यंत चालत जाणारा मनुष्य अर्ध्या वाटेत थांबतो, पोटरीत गोळा आला म्हणतो, दोन मिनिटे उभा राहतो आणि पुन्हा चालू लागतो. घरची मंडळी हे वयावर किंवा वातावर ढकलून मोकळी होतात. वस्तुतः पायाकडे रक्त नेणारी रोहिणी आतून अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची मोठी कारणे होत.

आमच्या बालाघाट जिल्ह्यात तेंदूपत्त्याच्या हंगामावर कित्येक घरांची चूल चालते, आणि शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे विड्या वळल्या जातात. त्याच विडीच्या व्यसनातून ऐन तारुण्यात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडण्याचा एक रोग जडतो. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो बर्गरचा रोग या नावाने ओळखला जातो. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय. न सोडल्यास आधी बोटे आणि पुढे पायही गमावण्याची पाळी येते.

अशा विकारांच्या तज्ज्ञांसाठी आमच्याकडची माणसे बहुधा नागपूरची वाट धरतात. दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, एका दिवसाची मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. साहजिकच दोन भेटींमध्ये महिने जातात, आणि रोग वाढतो तो याच मधल्या काळात. स्मार्टफोनवरील आरोग्याच्या अ‍ॅपचा उपयोग आम्हांस दिसतो तो येथे. मात्र अ‍ॅप चांगले की वाईट हे त्याच्या रंगीत पडद्यावरून ठरत नाही; त्यात भरलेली माहिती पलीकडे बसून वाचणारे कोणी आहे काय, यावरून ठरते.

प्रथम फसवणुकीविषयी. कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि रक्तदाब पाहा, असे सांगणारी अ‍ॅप निघाली आहेत. अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचे असेच एक अ‍ॅप २०१४-१५ मध्ये लाखाहून अधिक लोकांनी विकत घेतले. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते पारखून २०१६ साली निष्कर्ष छापला : ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांना ते ‘सर्व ठीक’ असे सांगत होते. असे खोटे समाधान रोगापेक्षा घातक, कारण त्याच्या भरवशावर मनुष्य गोळी बंद करतो. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाबच खरा धरावा. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, दोनदा मोजावे आणि मग तो आकडा हवा तर फोनमध्ये नोंदवावा. घरी मोजलेला दाब वारंवार १३५/८५ च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

चालण्याच्या बाबतीत मात्र फोन खरा सोबती आहे. अरुंद रोहिणीवर चालणे हेच मोठे औषध : दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे शमले की पुन्हा चालायचे, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, किमान तीन महिने. पायावर जखम असेल किंवा बसल्या जागीही पाय दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. फोन पावले मोजतो. ‘थोडे बरे वाटते’ असे सांगण्याऐवजी ‘पूर्वी दोनशे पावलांवर गोळा येई, आता पाचशेवर येतो’ असे रुग्ण सांगू शकला, तर डॉक्टरांचे अर्धे काम झाले.

दुसरा उपयोग जखमेचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या ४० रुग्णांना जखमेचा रोज फोटो पाठविण्यास शिकविले होते. त्याचा वृत्तांत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिका ते फोटो पाहत. सात जणांच्या जखमा बिघडत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, एक मात्र नजरेतून निसटली. आमच्याकडे मधुमेही पायांच्या बाबतीत हे सहज करण्याजोगे आहे. उजेडात, रोज त्याच अंतरावरून, शेजारी एक नाणे ठेवून फोटो घ्यावा, म्हणजे जखम वाढली की आटली ते कळते. सावळ्या कातडीवर लाली फोटोत नीट उमटत नाही, यासाठी ऊब, सूज आणि वास यांविषयी दोन ओळी लिहाव्यात.

पण पाय एकाएकी थंड, पांढराफटक आणि असह्य दुखरा झाला, तर फोटो काढीत बसू नये. पहिले काही तास गेले की पाय वाचविणे कठीण होते. एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजली, किंवा तोंड वाकडे होऊन हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तरीही तेच. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी फोन १०८ क्रमांकासाठी वापरावा.

आम्हांस सर्वांत भावलेले अ‍ॅप रुग्णाच्या फोनवर नाहीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनी पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम आरंभिला. त्यांत आपले मध्य प्रदेश राज्य होते, आणि महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत भंडारा व वर्धा होते. महाराष्ट्र आणि पंजाबातील दवाखान्यांत ‘सिंपल’ नावाचे अ‍ॅप परिचारिकांच्या हाती दिले गेले. रुग्णाजवळ असते केवळ एक चौकटीचिन्हाचे कार्ड. ते फोनसमोर धरले की मागचे सर्व आकडे व औषधे दिसतात. नेटवर्क नसले तरी नोंद होते व पुढे यथावकाश वर चढते. ठरल्या तारखेला जो आला नाही त्याचे नाव यादीत येते आणि परिचारिका त्याला फोन लावते. या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुष्कळ हुशार अ‍ॅप पाहिली, पण न आलेल्या माणसाची चौकशी करणारे विरळा!

सरकारची ‘ई-संजीवनी’ही २०१९ पासून आरोग्य केंद्रातल्या रुग्णाची दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देते. फोनवरून सल्ला देण्याचे नियम मार्च २०२० मध्ये ठरले आहेत, तेव्हा त्यात काही बेकायदेशीर नाही. मात्र डॉक्टरांना नाडी पाहायची असते. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या नऊदशांशाहून कमी भरला तर पायाच्या रोहिणीत अडथळा समजतात. हे मोजमाप कोणताही फोन करीत नाही. त्यासाठी रुग्णाला एकदा तरी जावेच लागते.

आमच्या सभासदांच्या घरी फोन बहुधा नातवाच्या हाती असतो. आजोबांचा रक्तदाब, पायाचा फोटो त्याच्यामार्फतच जातो. तो घरच्या गटावर न टाकता फक्त डॉक्टरांकडे पाठवावा, हे त्याला सांगून ठेवावे. शिवाय रोज सायंकाळी आजोबांची पावले किती झाली, हे विचारण्याचे कामही त्याच्याकडेच द्यावे. विडी पेटलेली दिसली तर टोकण्याचा अधिकार घरात बहुतेक त्याला एकट्यालाच असतो.