मुख : शरीराचे द्वार आणि दर्पण

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दातांचा संबंध काय तो चण्यांशी, असेच मलाही बरीच वर्षे वाटत असे. दात दुखला की काढून टाकावा. बाकीच्या शरीराला त्याचे काय?

ही समजूत दूर झाली ती येथे कोठीतच. माझ्या वडिलांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि दोन दात हलू लागले होते. मी त्यांना जवळच्या एका दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी हिरड्या पाहून पहिला प्रश्न केला, "रक्तातील साखर कधी तपासली होती?" ती कधीच तपासलेली नव्हती. तपासली तेव्हा मधुमेह निघाला. रोग रक्तात होता. त्याची वर्दी तोंडाने दिली.

असे का होते? दातांवर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो घासून काढला नाही तर कठीण होऊन त्याचे किटण बनते, हिरडी सुजते आणि पुढे दाताला धरून ठेवणारे हाडही झिजते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. मधुमेहात जंतूंशी झुंजण्याची शक्ती कमी पडते, म्हणून हा विकार बळावतो. उलट हिरड्यांची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर मधुमेही रुग्णांची साखर काही अंशी उतरते, असे चाचण्यांत दिसून आले आहे.

सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तातही शिरतात. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा लवकरच निकाल लावतात. परंतु हृदयाची झडप आधीच सदोष असेल किंवा कृत्रिम बसवलेली असेल, तर ते तेथे ठाण मांडून प्राणावर बेतणारा विकार उत्पन्न करू शकतात. म्हणून अशा रुग्णांनी दात काढण्यापूर्वी आपला आजार दंतवैद्यांना अवश्य सांगावा.

मात्र येथे तारतम्य हवे. १९०० साली लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी तोंडातील पू अनेक रोगांचे मूळ आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या मताचा एवढा प्रभाव पडला की पुढे कित्येक वर्षे संधिवातापासून वेडापर्यंत सर्व रोगांवर उपाय म्हणून चांगले दातही उपटले गेले! रोग हटले नाहीत, दात मात्र गेले. आजही हिरड्यांचे विकार आणि हृदयविकार पुष्कळदा एकत्र आढळतात. पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. तंबाखू तर दोहोंना कारण होते.

मुख हे द्वार आहे तसे दर्पणही आहे. आपल्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यातील कित्येक गावांत भूगर्भातील पाण्यात फ्लोराइड फार. लहानपणी ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले. पुढे अनेकांची हाडे वाकली, पाठीचे कणे ताठरले. दातांनी दिलेली सूचना हाडांनी खरी केली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असे पाणी सुधारण्याची जी रीत काढली, तिला 'नलगोंडा पद्धत' हेच नाव मिळाले. गंमत अशी की, हेच फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांना किडीपासून वाचवते.

विद्यार्थी मित्रहो, उपाय महाग नाहीत. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासा. जर्दा, गुटखा, मिश्री यांना हात लावू नका. तोंडातील जखम पंधरा दिवसांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा. १९५९ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय अफझलगंजला आहे. कोठीहून पायी जाता येते.

आणि घरी वडील मंडळींच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. माझ्या वडिलांचे ते दोन दात गेले. पण मधुमेह वेळेवर कळला, याचे समाधान आम्हाला आहे.