भाताची माळ, यकृताची कोठी आणि उपोसथाची रात्र



गेल्या वर्षावासात पौर्णिमेच्या रात्री वस्तीतल्या एका आजींना दरदरून घाम फुटला, त्या असंबद्ध बोलू लागल्या. अष्टशील घेतलेलं, दुपारी बारानंतर पोटात अन्न नाही. संध्याकाळची शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतली होती. "गोळी चुकवायची नाही" हे आम्हीच वर्षभर सांगत होतो. उपवासाच्या दिवशी काय करायचं, ते सांगायचं राहिलं. चूक आमची. म्हणून हा धडा.

नौपाड्यातल्या बैठकीत आम्ही आधी एक प्रयोग करून दाखवतो. जखमेवर लावायचं बेटाडिन पाण्यात पातळ करून शिजलेल्या भातावर, बटाट्यावर, चपातीच्या तुकड्यावर थेंबभर टाकायचं. तपकिरी औषध काळंनिळं होतं. साखरेवर टाकलं तर होत नाही. काळानिळा रंग ही स्टार्चची खूण. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी ओवलेली माळ. अशा माळांना पॉलिसॅकराइड किंवा बहुशर्करा म्हणतात. माळ जिभेला गोड लागत नाही, तिथेच आपण फसतो. भाकरीचा घास न गिळता चघळत राहा, हळूहळू गोड लागेल, कारण लाळ ती माळ तोडू लागते. पुढचं काम आतड्यात होतं आणि रक्तात शेवटी ग्लुकोजच जातं. "चहातली साखर बंद केली, तरी शुगर उतरत नाही" असं बाया म्हणतात, तेव्हा आम्ही ताटातला भात किती ते विचारतो. रेशनवर येतो तांदूळ नि गहू, भाजी-डाळ विकत आणावी लागते, हेही आम्हाला माहीत आहे.

पालेभाजीच्या देठात नि कोंड्यात सेल्युलोज असतं. मणी तेच, ग्लुकोजचे, फक्त जोड वेगळा. तो तोडणारा पाचकरस आपल्याकडे नाही, गाईच्या पोटातल्या जंतूंकडे आहे. आपल्याला तो चोथा पोट साफ ठेवायला उपयोगी, म्हणून पीठ चाळून कोंडा फेकू नका.

तिसरी माळ आपल्याच अंगात असते. जेवणानंतर उरलेलं ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या फांद्याफांद्यांच्या माळेत बांधून ठेवतं, साधारण १०० ग्रॅम. स्नायूंत याहून जास्त असतं, पण ते स्नायूच वापरतात, रक्तात सोडत नाहीत. रात्रभर मेंदूला साखर मिळते ती मुख्यतः यकृताच्या या कोठीतून. निरोगी माणूस बारानंतर न जेवता सकाळपर्यंत राहतो तो याच्याच जोरावर.

मग आजींचं काय झालं? ग्लिमेपिराईडसारखी गोळी जेवण असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनचा हुकूम असा की रक्तातली साखर पेशींत भरा नि यकृताची कोठी बंद ठेवा. म्हणजे कोठीत माल आहे, पण दाराला कुलूप. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसती मेटफॉर्मिन असेल तर धोका फार कमी.

तेव्हा अष्टशील घ्यायच्या आठवडाभर आधी दवाखान्यात विचारा, त्या दिवशी गोळी किती नि केव्हा. मनाने बंद करू नका. घाम, थरथर, धडधड, बडबड दिसली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या. भाकरी देत बसू नका, तिची माळ तुटायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी मशीनवर बघा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा साखरपाणी. बरं वाटल्यावर मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

साखरपाणी समोर धरलं तर आजी म्हणाल्या, "शील मोडेल गं." विनयपिटकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित ही पाच औषधं दुपारनंतरही घेण्याची मुभा आहे. फाणित म्हणजे उसाची काकवी, गूळ. हे सांगितल्यावरच त्यांनी पेला तोंडाला लावला.

आता पौर्णिमेला त्यांच्या उशाशी गुळाचा डबा असतो. गोळीचंही सुनेनं डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.