डबे दिले, मग झोप का उडाली?

प्रश्न : 2021 च्या दुसऱ्या लाटेत आमच्या अपार्टमेंटमधल्या कोविड झालेल्या घरांना मी डबे पोचवत होते. मला ताप आला तेव्हा मात्र कुणाला त्रास नको म्हणून कळवलं नाही. दुसऱ्यासाठी झटलं की मन शाबूत राहतं म्हणतात. माझी तर झोपच उडाली होती. करुणा मनाला खरंच जपते का?
— एक वाचक, मल्लेश्वरम, बंगळुरू

उत्तर : जपते. पण करुणा म्हणजे फक्त दुसऱ्याला देणं, असं धरलं तर हिशेब जुळत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट तिच्या तीन वाटा मानतात : आपल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून आपल्याकडे आणि आपली आपल्याशी. मार्सेला मातोस आणि सहकाऱ्यांनी कोविडकाळात 21 देशांतल्या 4,057 प्रौढांना या तिन्हींबद्दल विचारलं. साथीची धास्ती जास्त तिथे नैराश्य, चिंता, ताणही जास्त, हे अपेक्षितच होतं. पण स्वतःशी मायेनं वागणाऱ्यांत त्या धास्तीचा परिणाम सौम्य दिसला. दुसऱ्यांविषयीच्या करुणेचं नातं कमी नैराश्याशी होतं खरं. धास्तीला बांध मात्र तिनं घातला नाही. (अभ्यास प्रश्नावलीवरचा आहे, तेव्हा कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही.)

गिल्बर्ट यांच्या मते मनात एक धोका ओळखणारी यंत्रणा असते आणि एक शांतवणारी. ‘आणखी दोन घरी द्यायला हवे होते’ म्हणत स्वतःचीच खरडपट्टी काढत बसलं, की पहिली चालूच राहते. मग झोप कुठली?

साथ आणि करुणा म्हटलं की आपल्याला सावित्रीबाई फुले आठवतात. 1897 च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगानं 10 मार्चला गेल्या. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण आपण त्यातून देणं तेवढं उचललं. घेणं कुणी शिकवलं नाही, बायकांना तर नाहीच. अंथरुणाला खिळलेली बाईसुद्धा ‘माझं काही नाही हो’ म्हणते आणि आपण तिचं कौतुक करतो! मातोस यांच्याच गटाला असंही आढळलं, की करुणेची भीती बाळगणाऱ्यांना, म्हणजे ती देताना, घेताना किंवा स्वतःला दाखवताना बिचकणाऱ्यांना, साथीची धास्ती जास्त बाधते.

तुमच्याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2020 मध्ये टाळेबंदी लागताच मनाच्या आधारासाठी हेल्पलाइन सुरू केली होती. 10 ऑक्टोबर 2022 पासून देशभर ‘टेली-मानस’ ही तशीच हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416. तिची मुख्य धुराही निम्हान्सकडेच. झोप अजून रुळावर आली नसेल, तर तिथे फोन करा. आणि पुढच्या तापात शेजारणीकडे मऊ भात मागा.