भुताच्या नाटकाला फॉन्ट कुठला?

प्रश्न : आमचं मंडळ ‘खवीस’ ही भयएकांकिका बसवतंय. पोस्टरसाठी शाई ओघळणारे इंग्रजी फॉन्ट उतरवून घेतले, पण मराठी टाइप केलं की अक्षरं साधीच उमटतात. मराठीत असे फॉन्ट का सापडत नाहीत?
– एक वाचक, लिंबायत, सुरत

उत्तर : त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरंच नसतात, संगणक परस्पर दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. लहान-मोठी ५२ अक्षरं, अंक आणि थोडी चिन्हं काढली की इंग्रजीचं काम भागतं. आपल्याकडे वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. त्यात हाताच्या शाईचा खडबडीतपणा हवा, तर नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं लागतात; एकाच शब्दातल्या दोन ‘र’वर तोच डाग दिसला की भीती गेलीच. एवढे कष्ट घेणारे थोडे.

लिपी घडवणं हे काम वेगळंच, हे सुरतेला फार पूर्वी कळलं होतं. इथले दलाल भीमजी पारेख यांच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स या मुद्रकाला मुंबईला धाडलं. तो १६७४ साली पोचला. त्याला छापता येत होतं. देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते.

पण तुम्हाला फॉन्ट हवाच कशाला? नाव तीन अक्षरांचं आहे, हाताने काढा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशीच काढली. प्रत्येक नाटकाची अक्षरं त्या नाटकाचीच असत. ते काम मला कुठल्याही तयार फॉन्टपेक्षा मोठं वाटतं.

चपटा ब्रश घ्या, त्यातली शाई जवळजवळ निपटून टाका आणि खरखरीत हातकागदावर झपाट्याने ओढा. कडा आपोआप फाटतात. पुष्कळदा लिहा, चांगलं निवडा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा. इंग्रजीत ओघळ अक्षरांच्या पायातून सुटतात. आपल्याला शिरोरेघ आहे, तिच्यातून ते खाली लोंबू द्या. ‘वी’ची वेलांटी नखासारखी वळवता येईल. ‘ख’ मात्र सांभाळा. त्याचा खालचा सांधा तुटला की ‘रव’ होतो आणि प्रेक्षक ‘रववीस’ वाचतो. शिरोरेघ तोडायचीच तर दोन अक्षरांच्या मधे तोडा.

सुरतेत गुजराती पोस्टरही लागेल. त्या लिपीला शिरोरेघ नाही, म्हणून मराठीचे ओघळ तिथे उचलून चिकटवू नका. गाठी आणि शेपट्या फाटक्या ठेवा. कलाकारांची नावं, वेळ, ठिकाण यांना भुताटकी नको. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ देवनागरीसाठी आणि ‘मुक्ता वाणी’ गुजरातीसाठी वापरा. दोन्ही विनामूल्य आहेत.