‘मदरबोर्ड गेला’ म्हटल्यावर आधी काय विचारायचं?



ग्रामसंघाचा लॅपटॉप बंद पडला की नुसतं काम थांबत नाही, बैठकीत कुजबुजही सुरू होते. गटांची बचत, कर्जाचे हप्ते, ऑडिटसाठी केलेले तक्ते, सगळं त्यातच असतं. दुकानात नेला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." पुढं काय विचारायचं ते सुचत नाही आणि आपण मान हलवतो. मान हलवण्याआधी काय बघायचं आणि काय विचारायचं, हा या अंकातला पाठ.

मदरबोर्ड म्हणजे काय?

लॅपटॉपच्या आत एक मोठी पट्टी असते. चार्जर, बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड, रॅम, हार्डडिस्क सगळं तिलाच जोडलेलं असतं. वीजही तिच्यातूनच सगळीकडं जाते. हाच मदरबोर्ड. म्हणून कोणताही भाग बिघडला तरी वरून बघणाऱ्याला वाटतं, बोर्डच गेला.

विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण लगेच नवी मोटार आणतो का? आधी लाईट बघतो, फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, केबल बघतो. वाइंडिंग जळालंय हे शेवटी ठरतं. लॅपटॉपचंही तसंच आहे.

दुकानात जाण्याआधी घरीच बघा

१. काहीच लागत नाही, दिवाही नाही: आधी दुसरं प्लग पॉइंट बघा. मग तसाच दुसरा चार्जर लावून बघा. चार्जरच्या लेबलवर व्होल्ट लिहिलेले असतात, ते आपल्या चार्जरइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. पिनही तीच हवी.

२. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी: चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. चालू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग परत जोडून चालू करा. तरीही काळीच राहिली तर एचडीएमआय केबलने शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड बहुतेक ठीक आहे, बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे.

३. चालू करताना बीप वाजतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो: किती वेळा ते मोजून लिहून ठेवा. बिघाड कुठं आहे ते कंपन्या अशाच खुणांनी सांगतात. कधी नुसती रॅम सैल झालेली असते. ती काढून, पुसून परत बसवली की काम होतं.

४. चालू होतो आणि थोड्या वेळात बंद पडतो: पंख्यात धूळ अडकून लॅपटॉप तापत असेल. साफसफाई स्वस्तात होते.

५. चालू होतो, पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज येतो: बहुतेक वेळा हार्डडिस्कचा किंवा विंडोजचा प्रश्न असतो, बोर्डाचा नाही.

वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या दुकानात लॅपटॉप उघडू देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. नाहीतर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

आधी हिशोबाच्या नोंदी, मग मशीन

हे नीट लक्षात ठेवा. बोर्ड गेला म्हणजे नोंदी गेल्या असं नाही. नोंदी हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. बहुतेक लॅपटॉपमधून ती काढता येते आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपवर उघडता येते. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: "डिस्क सुटी आहे की बोर्डावरच आहे?"

दुसरी गोष्ट. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. बोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसरीकडं लावल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, बहुतेक वेळा त्याच खात्यात ती की साठवलेली असते. हे खातं कुणाच्या ईमेलने उघडलंय? जुन्या लेखापाल ताईंच्या की केंद्राच्या? आजच शोधा आणि की वहीत लिहून कपाटात ठेवा.

दुरुस्ती की बदल?

खरोखर बोर्डच बिघडला असेल तर तीन रस्ते आहेत.

पहिला, बोर्डावरचा बिघडलेला बारीक भाग बदलणं. याला चिप लेव्हल दुरुस्ती म्हणतात. चार्जिंगचा भाग किंवा एखादा कपॅसिटर जळाला असेल तर हा रस्ता चांगला. कोणता भाग बदलणार ते विचारा. "चिपला नुसती गरम हवा दिली की चालेल" असं म्हणाले तर सावध व्हा. असा लॅपटॉप थोडे दिवस चालून पुन्हा बंद पडू शकतो.

दुसरा, पूर्ण बोर्ड बदलणं. बोर्ड नवा आहे की दुसऱ्या मशीनमधून काढलेला, ते बिलावर लिहून घ्या. बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागू शकतं. तो खर्च धरलाय का, तेही विचारा.

तिसरा, लॅपटॉपच बदलणं.

हिशोब असा मांडा. समजा दुरुस्ती ४,००० रुपयांची आहे आणि तसाच चालू स्थितीतला जुना लॅपटॉप १५,०००ला मिळतो. मग दुरुस्ती परवडते. पण बोर्डाचे ११,००० सांगितले, बॅटरीही संपत आलीय आणि बिजागर तुटलंय, तर तेच पैसे दुसऱ्या लॅपटॉपकडं वळवलेले बरे. खर्च निम्म्याच्या वर गेला की थांबून विचार करायचा. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, भाव आपल्या तालुक्याचे घ्या.

दुकानात देताना

- निदान करायचे किती पैसे, आणि दुरुस्ती केली नाही तरी ते द्यावे लागतील का, हे आधी ठरवा.
- पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती जीबीची ते लिहून घ्या. मोबाईलवर फोटो काढा.
- बँकेचा पासवर्ड कुणालाही सांगू नका.
- बदललेला जुना भाग परत मागा.
- पक्कं बिल आणि त्यावर दुरुस्तीची वॉरंटी किती दिवसांची, ते लेखी घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण हातात बिल हवं.

पैसे सगळ्या गटांचे आहेत. म्हणून दोन-तीन ठिकाणची कोटेशन घ्या, बैठकीत वाचून दाखवा, ठराव करा, मगच खर्च करा. एकट्या अध्यक्ष ताईंनी किंवा लेखापाल ताईंनी जोखीम घ्यायची नाही. नंतरची कुजबुज त्यानेच टळते.

बोर्ड जपायचा तर

विजा कडकडत असतील तर चार्जर भिंतीतून काढा. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून चालवू नका, हवा कोंडते. चहा-पाणी सांडलं तर लगेच चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, आणि "चालतोय का बघू" म्हणून पुन्हा चालू करू नका. तांदळात ठेवून आतला ओलावा आणि गंज जात नाही. त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या. जुना बोर्ड जाळू नका, उकिरड्यावरही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडं द्या.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. लॅपटॉपचं बिल आणि वॉरंटीची तारीख शोधून फाईलला लावा.
२. नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती लॅपटॉपच्या बॅगेत नको, कपाटात हवी. दर महिन्याला हे काम कोण करणार, त्या ताईंचं नाव इतिवृत्तात लिहा.
३. रिकव्हरी की सापडली का? नसेल तर कोण शोधणार आणि कधीपर्यंत, तेही लिहा.