गिटारच्या माथ्यावरची शाई का फुटते?

वर्तमानपत्राच्या कागदावर शाईच्या पेनने सही करून पाहा. अक्षरांच्या कडांना बारीक मिशा फुटतात. वहीच्या गुळगुळीत कागदावर मात्र तेच पेन, तीच शाई, तोच हात असूनही अक्षर स्वच्छ उठते. कोऱ्या लाकडावर लिहिताना हा फरक फार महागात पडतो.

आमच्या महाविद्यालयात मुलुंडहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने चार महिने खपून घरीच एक गिटार तयार केली. गिटारचा माथा, म्हणजे जिथे तारा ताणण्याच्या खुंट्या बसवतात तो भाग, त्याने मानेच्याच लाकडातून कापला होता आणि रीतीप्रमाणे मागे थोडा झुकता ठेवला होता. कारखान्यातल्या गिटारवर तिथे कंपनीचे नाव असते. याने आपले आडनाव लिहिले. लाकूड नुसते घासलेले होते, वर पॉलिशचा थेंबही नव्हता. दोन मिनिटांत आडनावाचा काळा ओघळ झाला. तो म्हणाला, "सर, पेनच खराब निघाले." पेनचा काही दोष नव्हता.

लाकूड आपल्याला भरीव दिसते, पण ते आहे नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना मुळांचे पाणी ज्या वाहिन्यांतून वर चढत होते, त्या वाहिन्या लाकूड वाळल्यावरही तशाच राहतात. बारीक नळीत द्रव आपोआप ओढला जातो, यालाच आपण केशाकर्षण म्हणतो. नळी जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. 0.1 मि.मी. त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या उभ्या नळीत पाणी सुमारे 15 सें.मी. चढते, त्रिज्या 0.01 मि.मी. केली तर गणिताने हीच उंची दीड मीटरवर जाते. लाकडातल्या नळ्या साधारण याच मापांच्या आसपासच्या असतात. अशा हजारो तोंडांवर आपण पातळ शाई टेकवतो, मग ती जागच्या जागी कशी राहील?

शाई किती वेगाने आत शिरते, याचा नियम एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1921 साली मांडला. द्रवाने कापलेल्या अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही हे पडताळू शकता. टीपकागदाची लांब पट्टी आडवी ठेवा, तिचे एक टोक रंगीत पाण्यात बुडवा आणि दर सेंटिमीटरला लागलेला वेळ लिहा. पहिल्या सेंटिमीटरला 10 सेकंद लागले, तर दोन सेंटिमीटर गाठेपर्यंत एकूण 40 च्या आसपास लागतील. म्हणजे सगळी घाई सुरुवातीलाच असते. शाई फुटताना दिसली की लगेच टिपून घेऊ, हा विचार म्हणूनच फोल ठरतो.

या नळ्या एकाच दिशेने, खोडाच्या लांबीला धरून असतात. लाकडाच्या तुकड्यावर शाईचा एक थेंब टाका. डाग गोल न होता लांबट होतो. आता देवनागरी अक्षराचा विचार करा. नाव माथ्याच्या लांबीला धरून लिहिले तर शिरोरेषा नळ्यांच्याच दिशेने जाते, तिचे फारसे बिघडत नाही. पण काने, दांड्या बाजूला पसरतात आणि 'घ' की 'ध' हे ओळखू येत नाही. नाव आडवे लिहिले तर शिरोरेषाच अक्षरांत उतरते. त्यातून माथा झुकता कापलेला असला, की नळ्या तिरक्या छाटल्या जातात व त्यांची तोंडे थेट पृष्ठभागावर उघडी पडतात. आमच्या विद्यार्थ्याच्या माथ्यावर हेच झाले होते. शाई इतकी खोल गेली होती, की घासून काढायची तर माथाच पातळ झाला असता. अखेर त्याने वर पातळ विनिअर चिकटवले. विनिअरमधल्या नळ्या पृष्ठभागाला समांतर असतात, तोंडे उघडी नसतात. अनेक गिटार-कारागीर पहिल्यापासूनच माथ्यावर अशी पट्टी बसवतात.

तेव्हा नाव घालण्याआधी नळ्या बुजवायच्या. यासाठी मला सर्वांत पसंत आहे तो आपला चपडा, म्हणजे लाख. पळस, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून ती मिळते; आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांतही होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली स्वतंत्र संस्था निघाली. 100 मि.लि. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवा, गाळा आणि कापडाच्या बोळ्याने दोन-तीन पातळ हात द्या. हे स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही असते, म्हणून खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही आणि शेजारी मोठे माणूस हवे.

अंधेरी-बोरिवलीच्या रहिवाशांना आणखी एक सांगायला हवे. हे काम जुलैत काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, लाकूड थंड होते आणि पावसाळी हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. पॉलिशवर दुधाळ पांढुरकी झाक येते. सुतार याला लाकडाचा दोष म्हणतात, पण तो हवेचा असतो. दिवाळीनंतरची कोरडी दुपार उत्तम.

लाख वाळल्यावर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने लिहा. काचेवर, प्लॅस्टिकवर लिहिणारे मार्कर चालणार नाहीत, कारण त्यांची शाई बहुधा अल्कोहोलमधली असते आणि ती लाखच विरघळवते.

दुसरी वाट झेरॉक्सच्या दुकानातून जाते. झेरॉक्सचा काळा रंग ही शाई नसून प्लॅस्टिकयुक्त भुकटी असते. नावाची आरशातल्यासारखी उलटी प्रत काढा, कोऱ्या लाकडावर पालथी ठेवा आणि मागून गरम, कोरडी इस्त्री दाबा. भुकटी मऊ होऊन लाकडाला चिकटते. ती का फुटत नाही? वॉशबर्नच्या सूत्रात द्रवाचा दाटपणा (विष्यंदिता) छेदात येतो. वितळलेले प्लॅस्टिक शाईपेक्षा कितीतरी दाट, त्यामुळे नळ्यांत शिरण्याआधीच ते निवते. इथे लाख आधी लावायची नाही. ती सुमारे 75 अंश सेल्सिअसला मऊ होते व इस्त्रीखाली चिकटून येते.

कारखान्यांत बहुधा पाण्याने सरकवून बसवायची छापील चित्रे वापरतात. 1951 साली फेंडर कंपनीच्या 'ब्रॉडकास्टर' या नावावर ग्रेच कंपनीने हरकत घेतली, तेव्हा कामगारांनी अशा चित्रांतून तेवढेच नाव कात्रीने कापून गिटारी बाहेर पाठवल्या. पुढे त्या गिटारला 'टेलिकास्टर' नाव मिळाले.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवरची नक्षी पाहिलीत तर तिसरा उपाय दिसेल. या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे नक्षी लाकडावर रंगवण्याऐवजी पूर्वी हस्तिदंताच्या आणि आता सेल्युलॉइडच्या पट्ट्यांवर कोरून लाकडात बसवतात. या पदार्थांत लाकडासारख्या नळ्याच नसतात, त्यामुळे काळा रंग कोरलेल्या रेघेतच थांबतो.

कोणतीही रीत घ्या, आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहा. नाव उमटल्यावर एक दिवस थांबून वरून लाखेचे आणखी तीन-चार पातळ हात द्या. पहिला हात अगदी हलका, एकाच दिशेने आणि न घासता द्यावा. झेरॉक्सच्या नावावर थिनर मात्र लावू नका, त्यात ती भुकटी सुटते.