जुना पाळणा, नवा रंग : घरातून सुरू होणारं काम आणि त्यातली जबाबदारी



व्हिडिओत पाळणा रंगवण्याची पद्धत दाखवली आहे. इथे तेच मुद्दे लिहून देतोय, वहीत उतरवून घ्या.

आधी मार्केट बघा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात किती घरांच्या माळ्यावर लाकडी पाळणा पडून असेल, विचार करा. बारसं होतं, बाळ काही महिने त्यात झोपतं आणि मग पाळणा वर जातो. पुढचं बाळ येतं तेव्हा लोकांना तोच, आजोबांच्या हातचा पाळणा हवा असतो, फक्त नव्यासारखा. भांडवल कमी लागतं, जागा म्हणजे एक गच्ची किंवा पडवी पुरते. पण गिऱ्हाईक इथे एक बाळ आहे, आणि बाळ पाळण्याचा कठडा चावतं. सगळा धडा या एका वाक्यात आहे.

1. कोणता पाळणा घ्यायचा नाही?

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणून त्याआधी रंगवलेला किंवा कधी रंगवला हे माहीत नसलेला पाळणा लॅबमध्ये रंग तपासल्याशिवाय घासायचा नाही. घासला तर धूळ उडते, जाळून काढला तर वाफ होते. दोन्ही तुमच्याच घरात राहतात. वरून नवा हात मारूनही भागत नाही, कारण बाळाच्या दातांखाली जुना थर निघतो. अशा ऑर्डरला हसतमुखाने नाही म्हणा. सुरुवातीला फक्त कोऱ्या लाकडाचे, किंवा रंगाची माहिती पक्की असलेले पाळणे घ्या.

दांड्यांमधलं अंतरही मोजा. 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर अंग सरकून डोकं अडकण्याचा धोका असतो. सांधे हलत असतील, कडी झिजली असेल तर आधी सुताराकडे.

2. कोणता रंग?

पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. डब्यावर शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नाही असं लिहिलेलं असतं, ते वाचा, कंपनीचं नाव आणि उत्पादनाची तारीख बघा. बिल जपून ठेवा. आणि एक गोष्ट खास आपल्या शहरासाठी: वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंपनीतून ओळखीने मिळालेला उरलेला इंडस्ट्रिअल रंग वापरू नका. फुकट असला तरी नाही. 90 पीपीएमचा हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, इंडस्ट्रिअल रंग त्यात येत नाहीत.

3. कामाचा क्रम

- पाळणा मोकळा करा, कड्या-स्क्रू वेगळे ठेवा.
- काम उघड्या हवेत. गरोदर बाई आणि लहान मुलं जवळपास नकोत.
- लाकूड पॉलिश पेपरने घासा, एन-95 मास्क लावून. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- भेगांत लांबी भरा, वाळली की पुन्हा घासा.
- प्राइमरचा एक हात, रंगाचे दोन पातळ हात. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलाय तेवढा पाळाच.
- पावसाळ्यात रंग वाळायला जास्त वेळ लागतो, तारीख तशी द्या.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग आतून पक्का झाला असं नाही. शेवटच्या हातानंतर निदान तीन-चार आठवडे हवेशीर जागी ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय डिलिव्हरी नाही.

4. म्हणून ऑर्डर केव्हा घ्यायची?

डोहाळजेवणाच्या सुमारास! बारशाच्या आदल्या आठवड्यात आलेली ऑर्डर कितीही पैशांची असली तरी सोडा. काही घरांत बाळ येण्याआधी पाळणा आणत नाहीत. त्यांना सांगा, "तोवर आमच्याकडेच राहू द्या." पाळणाही नीट वाळतो, गिऱ्हाईकही खूश.

5. हिशोब

समजा साहित्य 700 रुपये, पाच तासांची मजुरी 120 रुपयांनी 600, ने-आण 200. झाले 1500. त्यावर 25 टक्के नफा 375, म्हणजे दर 1875 रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या दुकानदाराचे भाव टाकून पुन्हा मांडा. स्वतःची मजुरी मात्र सोडू नका; "घरातच तर करतोय" म्हणत बरेच जण तिथेच तोट्यात जातात.

गृहपाठ: आपल्या गल्लीतल्या पाच घरांत विचारा, पाळणा आहे का, किती जुना, शेवटचा रंग कधी दिला. पाचपैकी किती पाळण्यांना तुम्हाला नाही म्हणावं लागेल, तो आकडा कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात गिऱ्हाइकाला द्यायची पावती आणि त्यावर रंगाची माहिती कशी लिहायची ते बघू.